गाडी कोण काढतं?

दरवर्षी एफ.ई.ची नवी बॅच येते आणि दरवर्षी आपल्या ऑडिटोरियममध्ये ओरिएंटेशन होतं. तुमचंही झालं असेल. त्यातलं काय आठवतं? प्रामाणिकपणे सांगा! मला विचाराल तर समई (ती पंख्याखाली ठेवल्यामुळे तीनदा विझली होती), एक लांबलचक पीपीटी आणि शेवटी मिळालेला समोसा, एवढंच. पण त्या हॉलमध्ये आपल्याशिवाय आणखीही कोणी बसलेलं असतं, आणि ते मात्र एकेक शब्द कान देऊन ऐकत असतं. आपले आईबाबा. त्यांना तिथे काय वाटतं, हे आपण कधी विचारलंय? मी तरी विचारलं नव्हतं. यंदा व्हॉलंटियर म्हणून दारात उभी राहिले, फोल्डर आणि पाण्याच्या बाटल्या वाटल्या, आणि मग हा विषय काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात माझ्याच गोष्टीने करते. मी बोदलकसा गावची. तिरोडा तालुका, गोंदिया जिल्हा. इथे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "ते कुठे आलं?" नागपूरच्या पलीकडे अजून महाराष्ट्र आहे, हे बऱ्याच जणांना नव्यानेच कळतं. असो. आमच्या गावाला मोठा तलाव आहे, भोवती जंगल आणि टेकड्या आहेत, थंडीत पक्षी येतात, एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे. बाकी सगळा धानाचा मुलूख.

माझं ओरिएंटेशन होतं तेव्हा आमच्याकडे रोवणीचे शेवटचे दिवस होते. धान लावणारे घर सोडून कुठे जात नाहीत, असे ते दिवस. तरी बाबा रोवणी काकांवर सोपवून माझ्याबरोबर निघाले. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस, एक दिवस आणि एक रात्र गाडीत, मग पुणे. आई आली नाही. मजुरांचा स्वयंपाक कोण करणार? त्यामुळे माझं कॉलेज तिने आजपर्यंत फक्त मोबाईलच्या फोटोत पाहिलंय.

बाबांनी त्या दिवशी लग्नाला घालायचा शर्ट घातला होता. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. कार्यक्रम सुरू झाला आणि पुढचे दोन तास सगळं इंग्रजीत. मला काही अडलं नाही. आमच्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतात, पण मी खरोखरच्या कॉन्व्हेंटातली. सिस्टर लोकांनी घोटून घेतलेलं इंग्रजी. स्क्रीनवर अ‍ॅक्रेडिटेशन आलं, रिसर्च पेपर्स आले, हायेस्ट पॅकेज आलं (तेव्हा टाळ्या पडल्या), लायब्ररीतल्या पुस्तकांचा आकडा आला, जिमखान्याचे फोटो आले. बाबा सगळ्या स्लाइड्स मन लावून बघत होते. वहीत काहीतरी लिहूनही घेत होते.

मग माइक हातात घेऊन सूत्रसंचालन करणाऱ्या सीनियरने विचारलं, "एनी क्वेश्चन्स फ्रॉम पेरेंट्स?" सगळा हॉल शांत. आणि माझ्या शेजारून बाबा उठले.

"साहेब, एक इचारतो. रातच्याले पोरीची तब्येत बिघडली, तं दवाखान्यात न्याले गाडी कोन काढते?"

मागून हसू आलं. फार मोठं नाही, पण आलं. आता लक्षात येतं की ते प्रश्नाला नव्हतं, बोलीला होतं. स्टेजवरच्या सरांनी हसून सांगितलं, "डोन्ट वरी, वुई हॅव ऑल फॅसिलिटीज." बाबा "बरं बरं" म्हणाले आणि बसले. आणि मी काय केलं? मी खुर्चीत खाली सरकले. दोन्ही भाषा येणारी मी त्यांच्या शेजारीच होते. उठून एक वाक्य बोलले असते, "सर, ते विचारतायत की रात्री इमर्जन्सी आली तर जबाबदारी कोणाची," तर कदाचित उत्तर मिळालं असतं. पण नव्या मैत्रिणींसमोर मी 'तिकडची' आहे हे कळू नये, याचीच मला तेव्हा जास्त काळजी होती. हे लिहायला आजही जड जातंय, पण लिहिल्याशिवाय पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

संध्याकाळी बाबा परत गेले. जाताना काहीच बोलले नाहीत, फक्त खिशातल्या नोटा मोजून त्यातल्या बऱ्याच माझ्या हातात दिल्या. त्यांना कॉलेज कसं वाटलं, ते मला दिवाळीत घरी गेल्यावर आईकडून कळलं. बाबांनी तिला सगळं वर्णन केलं होतं. बिल्डिंग जुनी पण मजबूत आहे. झाडं भरपूर. मुलींच्या होस्टेलच्या गेटवर रजिस्टर आहे आणि वॉचमन ते खरंच भरून घेतो. मेसमध्ये पोळ्या बऱ्या, भात मात्र कच्चा (धानवाल्या माणसाचं मत, त्यावर अपील नाही!). साहेब लोक शिकलेले, चांगले बोलणारे. आणि शेवटी म्हणाले होते, "तलाव पुरा दाखवला. पाळीवरून फिरवलं. पण गेट कोनाच्या हाती हाय, थे नाही सांगतलं."

हे वाक्य कळायला आमच्या गावचं असावं लागतं, म्हणून जरा समजावते. आमच्या तलावावर सुट्टीच्या दिवशी टुरिस्ट येतात. पाळीवर उभं राहून पाणी बघतात, फोटो काढतात, "वॉव" म्हणतात, जातात. त्यांना तलाव किती सुंदर आहे एवढं पुरतं. पण ज्याची बांधी नहराच्या टोकाला आहे, त्याला तलाव किती भरला याच्याइतकंच आणखी एक माहीत असावं लागतं. गेट कधी उघडणार, ते कोण उघडणार, आणि पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं. आमचं ओरिएंटेशन हे टुरिस्ट लोकांसाठी केलेलं होतं. आणि हॉलमध्ये बसलेले पालक टुरिस्ट नव्हते. ते आपलं लेकरू तिथे ठेवून जाणार होते.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला दिवाळीच्या आधीच मिळालं होतं. त्याच टर्ममध्ये एका रात्री माझ्या रूममेटला सणकून ताप भरला. आधी दोन दिवस अंगावर काढला होता. रात्री दोनच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या आणि तिला उभंही राहता येईना. आम्ही तिघी खाली पळालो. वॉचमनकाका म्हणाले, परमिशनशिवाय गेट उघडता येत नाही. बोर्डावर लिहिलेला नंबर लावला तर तो आधीच्या वर्षीच्या मॅडमचा निघाला. दुसरा नंबर स्विच्ड ऑफ. कुणी म्हणे रिक्षा बघा, कुणी म्हणे लोकल गार्डियनला फोन करा. १०८ ही सरकारी अँब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ पासून फुकट आहे, हे आम्हा चौघींपैकी एकीलाही त्या क्षणी सुचलं नाही. चौघीही भावी इंजिनिअर, बरं का! शेवटी एकीला आठवलं की आपले एक सर क्वार्टर्समध्ये राहतात. वॉचमनकाकांनीच त्यांचं दार वाजवलं. सर बनियनवर शाल गुंडाळून बाहेर आले, एकही प्रश्न न विचारता स्वतःची गाडी काढली आणि सकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. डेंग्यू निघाला. चार दिवस सलाईन, मग ठीक.

म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर होतं: जो जागा होईल तो. त्या रात्री एक चांगला माणूस जागा झाला. पण अशा कामाला नशीब हे उत्तर असू शकत नाही. आणि पाऊण तास जो गेला, तो गेलाच.

आता कुणी म्हणेल, एका प्रसंगावरून एवढं काय? म्हणून मी थोडं वाचलं. बाबांचा प्रश्न अडाणी नव्हता. तो चक्क नियमात बसणारा निघाला!

आपण अ‍ॅडमिशनच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरतो. एक आपलं, एक पालकांचं. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे, पण हे हमीपत्र देशभर लागू झालं ते यूजीसीच्या २००९ च्या नियमांमुळे. त्यामागची गोष्ट आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या मेडिकल कॉलेजात अमन कचरू हा फर्स्ट इयरचा मुलगा सीनियर्सनी केलेल्या मारहाणीत गेला. वय १९. त्यानंतर त्याचे वडील राजेंद्र कचरू या विषयाच्या मागे लागले. १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन त्याच वर्षी सुरू झाली. म्हणजे आज आपल्या नोटीस बोर्डावर जो नंबर धूळ खात असतो, त्याच्यामागे एका बापाची धडपड आहे.

त्याच २००९ च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी मला कुणीच सांगितली नव्हती. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक छापील पत्रक द्यायचं, ज्यात कुठल्या अडचणीला कुणाकडे जायचं हे नावपत्ते आणि फोन नंबरांसह लिहिलेलं असेल, म्हणजे त्याला कधीही त्या माणसाशी संपर्क करता येईल. वॉर्डन होस्टेलमध्ये किंवा अगदी जवळ राहणारे असावेत, ते कुठल्याही वेळी फोनवर मिळावेत, आणि त्यांचे नंबर सगळ्यांना माहीत करून द्यावेत. नियम रॅगिंगसाठी केलेत हे खरं, पण रात्री दोन वाजता फोन लागला पाहिजे, ही गरज तापालाही तेवढीच आहे. मला मिळालेल्या ग्लॉसी फोल्डरमध्ये कॅम्पसचे रंगीत फोटो होते, कॅलेंडर होतं, पेन होतं. हे पत्रक नव्हतं.

पुढे एआयसीटीईने २०१७ मध्ये तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम आणला, यूजीसीने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' आणला. आयआयटी गांधीनगरमध्ये तर २०११ पासून पाच आठवड्यांचा फाउंडेशन प्रोग्रॅम चालतो. या सगळ्यामागची कल्पना मला मनापासून पटते. बारावी आणि सीईटीच्या घाण्यातून आलेल्या मुलाला थेट एम-वनच्या लेक्चरला बसवू नका, आधी त्याला जागा, माणसं, मित्र कळू द्या. खेळ, कला, आजूबाजूच्या गावाला भेट, मूल्यांवर गप्पा, सगळं आहे त्यात. एआयसीटीईच्या आराखड्यात पालकांशी संवादालाही वेळ ठेवलाय. संवाद म्हणजे दोघांनी बोलणं. आपल्याकडे एक बाजू बोलते आणि दुसरी टाळ्या वाजवते.

माझ्या काही मित्रांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, "आम्ही अठरा वर्षांचे आहोत. पालकांना बोलवायचंच कशाला? ही काय नर्सरी आहे?" मुद्दा चुकीचा नाही. माझी अटेंडन्स विचारायला बाबांनी एचओडींना फोन केला तर मला मुळीच आवडणार नाही. मार्क, मित्र, कपडे, किती वाजता झोपते, हे माझं मी बघीन. पण तुम्ही पालकांकडून हमीपत्रावर सही घेता ना? फी त्यांच्याकडूनच येते ना? मुलगी आजारी पडली की पहिला फोन त्यांनाच जातो ना? मग त्यांना माहिती द्यायला काय हरकत आहे? पालकाला माहिती नसली की काय होतं, तेही बघा. तो दिवसातून सहा फोन करतो. ज्याला माहीत आहे की रात्री अमुक माणूस फोन उचलतो, तो निवांत झोपतो आणि पोरीलाही झोपू देतो!

दुसरा आक्षेप भाषेचा. बाहेरच्या राज्यांतली मुलं असतात, इंग्रजीशिवाय कसं चालेल? चालूच नये. पण बिहारहून आलेल्या एखाद्याच्या वडिलांना तरी ते इंग्रजी कुठे कळत होतं? यंदा दारात एका काकूंनी मला हळूच विचारलं, "बाळा, आत्ता त्या काय बोलल्या?" मी सांगितलं की प्लेसमेंटबद्दल. त्या म्हणाल्या, "ते राहू दे गं. स्कॉलरशिपचा फॉर्म कुठं भरायचा ते बोलल्या का?" नव्हत्या बोलल्या. त्या काकूंना उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि महाडीबीटीची साइट यातलं सगळं पाठ होतं. त्यांना फक्त ऑफिसातली खिडकी हवी होती. पॅकेज चार वर्षांनी येईल, पण दाखला तर याच महिन्यात द्यायचा आहे.

मला एक गंमत वाटते. होस्टेलचं आयुष्य ज्यांच्या हातात असतं, ते कुणीच स्टेजवर नसतात. रेक्टर मॅडम हॉलच्या मागच्या दारात उभ्या होत्या. मेसचे काका मागे समोसे मोजत होते. वॉचमनकाका गेटवर. स्कॉलरशिप सेक्शनच्या मॅडमना तर आमंत्रणच नव्हतं. (स्टाफपैकी जे हे वाचतायत त्यांनी रागावू नये, मी तुमच्याच बाजूने बोलतेय.) त्या रात्री गाडी काढणारे सरही प्रेक्षकांतच होते. या पाच माणसांना स्टेजवर उभं करून प्रत्येकाला तीन मिनिटं दिली असती, तर पालकांचे निम्मे प्रश्न विचारण्याआधीच सुटले असते. आणि बाबांना निदान चेहरा दिसला असता.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. भाषणं अर्ध्यावर आणा. पालकांसाठी एक तास वेगळा ठेवा, मराठीत आणि हिंदीत, जिथे रेक्टर, मेस, ऑफिस आणि डॉक्टर समोर असतील. रूम दाखवा, बाथरूमही दाखवा, फक्त सेमिनार हॉल नको. जे पालक येऊ शकत नाहीत, आणि माझ्या आईसारखे ते बरेच असतात, त्यांच्यासाठी तेच सगळं एका कागदावर छापून मुलांबरोबर घरी पाठवा. आणि प्रश्न विचारायची वेळ शेवटी, समोशाच्या वासात ठेवू नका!

नुसतं दुसऱ्यांना सांगणं सोपं असतं, म्हणून यंदा आम्ही टी.ई.च्या पाच जणींनी थोडं स्वतः करून पाहिलं. एक पान तयार केलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. होस्टेल, मेसच्या वेळा, जवळचा दवाखाना, मेडिकल, १०८, रॅगिंग हेल्पलाइन, स्कॉलरशिपची खिडकी, बँक. स्वतःच्या पैशाने दोनशे झेरॉक्स काढल्या आणि फोल्डरबरोबर वाटल्या. अकरा वाजायच्या आत संपल्या. लोक परत येऊन मागत होते. एक बाबा तर म्हणाले, "फोल्डर ठेवा, तो कागद द्या." रेक्टर मॅडमना आम्ही घाबरत घाबरत विचारलं होतं की तुमचा नंबर छापू का, तर त्यांनी स्वतःचा घरचाही लिहून दिला. माणसं तयार असतात. त्यांना विचारलेलंच नसतं.

पण एक काम आमच्याकडून झालं नाही. पानाच्या अगदी वर मी एक ओळ टाकली होती: 'रात्री दवाखान्यात न्यायला गाडी'. तिच्यापुढे नंबर लिहायचा होता. आम्ही ऑफिसला विचारलं, त्यांनी होस्टेलकडे पाठवलं. होस्टेलने ट्रान्सपोर्टकडे. ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, ड्रायव्हर सहाला घरी जातो, पुढचं आमच्याकडे नाही. छापायची वेळ आली तरी नंबर मिळाला नाही. ती ओळ खोडावी, असं दोघीजणी म्हणत होत्या, कारण रिकामं बरं दिसत नाही. मी नको म्हटलं. ती तशीच छापली.

त्या पानाचा फोटो मी घरी पाठवला होता. बाबांनी तिरोड्याला जाऊन त्याची प्रिंट काढली आणि भिंतीवर कालनिर्णयच्या शेजारी चिकटवली. परवा फोनवर म्हणाले, "चांगलं केलं बाई. आता सबन समजते. पन पयली ओळ कोरी काऊन हाय?"

मी म्हटलं, "बाबा, विचारते."

तर मी विचारतेय. सध्या आपल्या होस्टेलमध्ये रात्री कुणी आजारी पडलं, तर गाडी कोण काढतं? उत्तर अवघड नसावं. एक नाव आणि दहा आकडे लागतात. पुढच्या ऑगस्टच्या आत कुणी कळवलं तर झेरॉक्सचा खर्च पुन्हा आम्ही करू.